अठ्ठाविसाव्या दिवसानंतरचे काँक्रीट

बेंगळूरु शहराला मिळणारे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून आणि सुमारे पाचशे मीटर उंच चढवून आणावे लागते. या पाण्याची साठवण मुख्यतः कृष्णराजसागर धरणाच्या भिंतीमागे होते. मंड्या जिल्ह्यातील कण्णंबाडी गावाजवळ १९११ साली या धरणाच्या कामास आरंभ झाला व ते पुरे होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. धरणाचे शिल्पकार सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची ओळख मराठी वाचकांस नव्याने करून देण्याचे कारण नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली, आणि त्यांच्या स्वयंचलित दरवाजांचा प्रयोग प्रथम खडकवासल्याच्या धरणावर झाला. कृष्णराजसागराविषयी एक गोष्ट मात्र त्या मानाने थोड्यांना ठाऊक असते. सुमारे २.६ किलोमीटर लांब व ४० मीटर उंच असलेल्या या भिंतीचे दगड चुना आणि सुरखी यांच्या मिश्रणाने सांधलेले आहेत.

सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची किंवा भाजलेल्या मातीची बारीक पूड. 'सुर्ख' म्हणजे लाल, या फारसी शब्दावरून हे नाव आले. चुना व सुरखी घाणीत घालून, बैलांनी दगडी चाक फिरवून, पाण्याबरोबर दळली जात. नुसत्या विरलेल्या चुन्याचा गारा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. त्यामुळे जाड भिंतीच्या पोटात, जेथे हवा पोचत नाही तेथे, तो वर्षानुवर्षे मऊ राहतो. सुरखी घातली की गोष्ट पालटते. भाजलेल्या मातीतील सिलिका आणि ॲल्युमिना यांचा चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात संयोग होऊन दगडासारखा कठीण व पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो. या क्रियेला हवेची गरज नसते. पाणी मात्र अवश्य लागते. रोमन लोकांनी हेच काम नेपल्सजवळच्या पोझ्झुओली येथील ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेतले, आणि त्या गावावरून अशा सर्व द्रव्यांना आज 'पोझोलाना' म्हणतात. आपल्याकडे ज्वालामुखीची राख हाताशी नव्हती. वीटभट्टी मात्र गावोगाव होती.

हा सारा इतिहास झाला, असे वाचकांना वाटेल. पण आजच्या अतिप्रगत काँक्रीटमध्ये, ज्याला अभियंते उच्चक्षम काँक्रीट म्हणतात, त्याच जुन्या क्रियेचा उपयोग केला जातो. फरक इतकाच की ती आता सिमेंटच्या पोटात, सिमेंटच्याच चुन्यावर घडते. ही गोष्ट समजण्यासाठी प्रथम सिमेंट घट्ट कसे होते ते पाहिले पाहिजे.

आपल्या बोलण्यात एक शब्दप्रयोग असा रूढ आहे की तो या विषयात दिशाभूल करतो. स्लॅब घातला की दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, 'स्लॅब वाळला.' वास्तविक काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. कपडा वाळतो तेव्हा पाणी त्याला सोडून जाते. काँक्रीट घट्ट होते तेव्हा पाणी त्यात कायमचे अडकते. सिमेंटमधील कॅल्शियमची सिलिकेटे पाण्याशी संयोग पावून नवे पदार्थ बनवतात. या क्रियेला कोशांत 'सजलीकरण' हा शब्द आहे. आपण तिला जलसंयोग म्हणू. काँक्रीट खरोखर वाळले, तर जलसंयोग थांबतो. सिमेंटच्या छिद्रांतील हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांच्या खाली गेली की ही क्रिया जवळजवळ बंद पडते, असे प्रयोगांनी दिसून आले आहे.

जलसंयोगातून मुख्यतः दोन पदार्थ निर्माण होतात. एक म्हणजे सजल कॅल्शियम सिलिकेट. हा अतिसूक्ष्म कणांचा, लापशीसारखा दाटून नंतर दगड होणारा जेल. काँक्रीटचे बळ म्हणजे बहुतांशी याचे बळ. दुसरा पदार्थ म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अर्थात आपला ओळखीचा विरलेला चुना. घट्ट झालेल्या सिमेंटच्या घनफळाचा पाचवा ते चौथा हिस्सा हा चुनाच असतो. त्याचे स्फटिक मोठे, चपटे व ठिसूळ असून खडीच्या पृष्ठभागालगत ते विशेष साठतात. मुरणाऱ्या पाण्याने तो हळूहळू विरघळून जातो. जुन्या गच्चीच्या खालच्या बाजूस पांढरे ओघळ दिसतात ते याचेच. तथापि त्याला सर्वथा निरुपयोगी म्हणता येणार नाही. त्याच्या अल्कधर्मामुळेच आतील पोलादी सळ्या गंजापासून सुरक्षित राहतात.

आता छिद्रांकडे वळू. काँक्रीट कितीही चांगले असले तरी ते आतून पोकळ जागांनी भरलेले असते. पाण्याने भरलेल्या ज्या जागेत सिमेंटचे कण तरंगत होते, तीच जागा जेल वाढत वाढत व्यापतो. जी व्यापली जात नाही ती छिद्रांच्या रूपाने शिल्लक राहते. अमेरिकेतील टी. सी. पॉवर्स या संशोधकाने १९४० नंतरच्या काळात या जागांचा हिशेब मांडला. त्याच्या मते सिमेंटच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी रासायनिक संयोगात खर्च होते, आणि आणखी सुमारे १९ टक्के जेलच्या स्वतःच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून पडते. जेलमधील ही छिद्रे काही नॅनोमीटर रुंद असतात. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर मावतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. यांतून पाणी जवळजवळ वाहत नाही. खरा धोका याहून मोठ्या छिद्रांचा, ज्यांना केशिका म्हणतात. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी त्यांतून चढते, आणि पाण्याबरोबर समुद्राचे क्षार, जमिनीतील सल्फेटे व हवेतील वायूही आत येतात.

पॉवर्सच्या कामातील जो भाग मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो १९५९ साली प्रसिद्ध झाला. केशिकांचे जाळे एकमेकांस जोडलेले राहते की जेल वाढून त्यांच्या वाटा बंद होतात, आणि बंद होण्यास किती काळ लागतो, हा तो प्रश्न होता. उत्तर असे आले: शंभर किलो सिमेंटला ४० लिटर पाणी असेल व मिश्रण सतत ओले ठेवले असेल, तर सुमारे ३ दिवसांत वाटा बंद होतात. ५० लिटर पाण्याला १४ दिवस लागतात, ६० लिटरला सहा महिने, ७० लिटरला एक वर्ष. पाणी याहून अधिक असेल तर त्या कधीच बंद होत नाहीत, मग कितीही वर्षे थांबा. मिश्रण सहज ओतले जावे म्हणून गवंडी एखादी बादली जास्त ओततो, तिचा अर्थ या आकड्यांत लिहिलेला आहे. आजचे सिमेंट अधिक बारीक दळलेले असल्याने मुदती काहीशा बदलतील. परंतु नियम तोच.

आता खनिज पूरक द्रव्यांचे कार्य सहज लक्षात येईल. ती मुख्यतः तीन. पहिले, औष्णिक वीजकेंद्रात दगडी कोळशाची पूड जळल्यावर धुराबरोबर उडणारी राख, म्हणजे फ्लाय ॲश. तिचे कण काचेच्या गोलकांसारखे असतात. दुसरे, लोखंडाच्या झोतभट्टीतील धातुमळी. ती वितळलेल्या स्थितीत पाण्याच्या माऱ्याने एकदम थंड केली म्हणजे काचेसारखी रवाळ होते, व मग ती दळतात. तिसरे, सिलिकॉनच्या भट्टीतील धुरातून गोळा होणारी सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ, म्हणजे सिलिका फ्यूम. तिचा कण सिमेंटच्या कणाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढा असतो. कर्नाटकात रायचूरजवळ शक्तिनगर येथे राख निघते आणि बळ्ळारी जिल्ह्यातील तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यात धातुमळी. म्हणजे बेंगळूरुच्या काँक्रीट-यंत्रशाळांना यांतली दोन द्रव्ये राज्यातूनच मिळू शकतात. भारतीय मानकांप्रमाणे राखमिश्रित सिमेंटमध्ये राखेचे प्रमाण १५ ते ३५ टक्के, तर धातुमळीच्या सिमेंटमध्ये मळीचे प्रमाण २५ ते ७० टक्के असू शकते.

ही द्रव्ये सिमेंटने निर्माण केलेल्या चुन्याचा संयोग करून त्यापासून नवा जेल बनवतात. सुरखीने धरणाच्या भिंतीत केले तेच हे काम. धातुमळीच्या अंगी स्वतःचेही थोडे बंधकत्व असते. राखेला मात्र चुन्यावाचून गती नाही. आणि येथे वेळेचा प्रश्न उपस्थित होतो. राखेच्या काचेचा कण सहजासहजी विरघळत नाही. छिद्रांतील पाणी तीव्र अल्कधर्मी व्हावे लागते, व ते होईपर्यंत पहिले कित्येक दिवस राख नुसती जागा अडवून बसते. म्हणून राखमिश्रित काँक्रीटचे बळ पहिल्या आठवड्यात साध्या काँक्रीटहून कमी भरते, अठ्ठावीस दिवसांनी ते त्याच्या जवळपास येते, आणि पुढे महिनोन् महिने, काही बाबतींत वर्षानुवर्षे, वाढत राहते. सिलिका फ्यूमचे तसे नाही. तिच्या एका किलोच्या कणांचे पृष्ठफळ सुमारे वीस हजार चौरस मीटर असल्याने ती पहिल्या काही दिवसांतच बहुतेक काम उरकते. कारवारजवळच्या कैगा अणुवीजकेंद्रात १९९४ साली बांधकाम चालू असताना आतील घुमटाच्या खालच्या थराची पडझड झाली. नंतर नव्याने रचना करून बांधलेल्या घुमटासाठी सिलिका फ्यूम मिसळलेले, एम ६० प्रतीचे उच्चक्षम काँक्रीट वापरण्यात आले.

नव्या जेलने छिद्रे किती बुजतात? येथे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. छिद्रांचे एकूण घनफळ अनेकदा फारसे घटत नाही. क्वचित साध्या सिमेंटपेक्षा ते थोडे अधिकही निघते. बदलते ती छिद्रांची जात. मोठ्या केशिका बारीक होतात, आणि त्यांना जोडणारे बोळ बंद होतात. जुन्या पेठेतील घरे तितकीच राहिली, पण आळ्यांची तोंडे भिंती घालून बुजवली, तर पेठेतून जाणाऱ्याला रस्ता मिळणार नाही, तसेच हे. म्हणून काँक्रीटची सच्छिद्रता किती टक्के, या प्रश्नापेक्षा त्यातून पाणी व क्षार पलीकडे पोचतात की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. खडीच्या पृष्ठभागालगतचा चुन्याचा ठिसूळ पापुद्राही याच क्रियेने घट्ट होतो.

छिद्रे मोजण्याची नेहमीची पद्धत म्हणजे वाळवलेल्या तुकड्यात दाब देऊन पारा शिरवणे. पारा काँक्रीटला ओला करीत नाही, म्हणून तो आपण होऊन आत जात नाही. छिद्र जितके बारीक तितका दाब जास्त. हे तत्त्व वॉशबर्न याने १९२१ साली मांडले. वातावरणाच्या सुमारे चार हजारपट दाबाला पारा तीन-चार नॅनोमीटरच्या छिद्रांतही शिरतो. मात्र या पद्धतीत एक खोट आहे. अरुंद तोंडाच्या रांजणात पारा जाण्यासाठी तोंडापुरता दाब द्यावा लागतो, आणि मग सारा रांजण एकदम भरतो. यंत्र त्या सबंध रांजणाची नोंद तोंडाएवढे बारीक छिद्र म्हणून करते. त्यामुळे पाऱ्याचे आकडे छिद्रांची खरी मापे सांगत नाहीत. ती वाटांची अरुंदता सांगतात. टिकाऊपणाच्या दृष्टीने तीही माहिती मोलाची आहे, पण ती काय आहे हे ओळखून वापरली पाहिजे.

अठ्ठावीस दिवस हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. चार आठवडे म्हणजे नेमका तोच वार पुन्हा येतो, ठोकळे दाबण्याची सोय होते, आणि साध्या सिमेंटचे बरेचसे काम तोवर झालेले असते. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९१० साली काँक्रीटचे नमुने घडवून उघड्या हवेत ठेवण्यात आले होते. त्यांचे बळ पन्नास वर्षेपर्यंत, मंदावत्या गतीने का होईना, वाढत राहिले. त्याच ठिकाणी १९३७ साली अधिक बारीक दळलेल्या व लवकर घट्ट होणाऱ्या सिमेंटचे नमुने घडवले. त्यांची वाढ दहा ते पंचवीस वर्षांत संपली आणि नंतर काहींचे बळ थोडे उतरलेही. हा वृत्तांत १९७५ साली प्रसिद्ध झाला. लवकर पिकवलेल्या आंब्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. पण रसायनशास्त्राचे कारण साधे आहे. जे कण पहिल्याच आठवड्यात जलसंयोग संपवतात, त्यांच्यापाशी पुढच्या दशकासाठी काही उरत नाही.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण बेंगळूरुशी जोडलेले आहे. प्रशांत महासागरातील हवाई बेटांपैकी कवाई बेटावर 'इरैवन' नावाचे शिवमंदिर उभे आहे. त्याची प्रतिष्ठापना २०२३ साली झाली. त्याचे ग्रॅनाइटचे दगड बेंगळूरुनजीकच्या एका कार्यशाळेत कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने घडवून जहाजाने पाठवले. मंदिर हजार वर्षे टिकावे अशी इच्छा होती. त्यासाठी १९९९ साली घातलेल्या पायाची योजना बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक पी. कुमार मेहता यांनी केली. त्यांनी पायात पोलाद मुळीच घातले नाही, कारण गंजायला पोलादच नसेल तर गंजाचे भय नाही. प्रत्येकी ३६ मीटर लांब, १७ मीटर रुंद व ०.६१ मीटर जाड असे दोन अखंड थर एकावर एक घातले. बंधक द्रव्यांपैकी निम्म्याहून अधिक भाग फ्लाय ॲशचा होता. बळाची अट अठ्ठावीस दिवसांऐवजी नव्वद दिवसांची ठेवली, आणि तीही माफक. उच्चक्षम म्हणजे उच्चबल, असा जो समज आहे, त्याला हा पाया चांगले उत्तर आहे. सिमेंट थोडे, म्हणून उष्णता थोडी. उष्णता थोडी, म्हणून थंड होताना तडे जाण्याचा संभव थोडा. आणि उरलेले काम राखेने सावकाश करावयाचे.

परंतु सावकाश काम करणाऱ्याला तितका काळ पाणी मिळाले पाहिजे, आणि बेंगळूरुत अडचण नेमकी येथे आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत या शहराची दुपारची हवा चांगलीच कोरडी असते. बांधकामाचा हंगामही तोच. २०२४ सालच्या मार्च महिन्यात पाण्याची टंचाई इतकी वाढली की शहराच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने पिण्याचे पाणी बांधकामासाठी वापरण्यास बंदी करून मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरवला. बंदी योग्यच होती. माणसे तहानलेली असता कावेरीचे पाणी स्लॅबवर ओतणे कोणालाही पटणार नाही. तरी पाण्यात काटकसर करायची वेळ आली की सर्वप्रथम काट बसते ती काँक्रीटला पाणी देण्यावर, कारण ती चूक त्या दिवशी दिसत नाही. प्रयोगशाळेकडे गेलेले ठोकळे अठ्ठावीस दिवस हौदात बुडून असतात व उत्तम बळ दाखवतात. त्याच मिश्रणाचा खांब तिसऱ्या दिवसापासून उन्हात कोरडा उभा असतो. कागदावर दोघांची प्रत एकच.

पूरक द्रव्यांच्या काँक्रीटला ही हयगय साध्या काँक्रीटपेक्षा जास्त बाधते. एक तर त्याची दुसरी क्रिया सुरू होण्यापूर्वीच पृष्ठभाग सुकतो. सळ्यांवरचे दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे कवच, ज्याच्यावर सळ्यांची सारी भिस्त, तेच अपुरे राहते. दुसरे, राखेने व मळीने चुना खर्च केलेला असल्याने अल्कधर्माचा राखीव साठा कमी असतो. घट्ट छिद्ररचनेने ही उणीव भरून निघते. छिद्ररचनाच घडली नाही तर कार्बन डायऑक्साइड वेगाने आत जाऊन सळीपर्यंत पोचतो. सळी गंजली की तिचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा मागतो आणि कवच फोडतो. उच्चक्षम काँक्रीटमध्ये आणखी एक गोष्ट घडते. त्यात पाणी मुळातच शंभर किलोला तीस-पस्तीस लिटर इतके थोडे असते. जलसंयोग ते आतल्या आत पिऊन टाकतो, व बाहेरून एक थेंब न उडताही काँक्रीट आतून कोरडे पडून आकसते. म्हणून त्याला पहिल्या काही तासांपासूनच ओल मिळावी लागते. उशिरा दिलेले पाणी घट्ट झालेल्या अंगात शिरत नाही.

भारतीय मानक क्रमांक ४५६ ची २००० सालची आवृत्ती साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस ओल ठेवण्यास सांगते. मिश्र सिमेंट किंवा खनिज द्रव्ये असतील तर ती किमान दहा दिवस सांगते, आणि शक्यतो चौदा दिवसांची शिफारस करते. आपल्या बांधकामांवर 'सात दिवस पाणी' हे वाक्य पाठ झालेले आहे. ज्या काळी गोणीत नुसते सिमेंट येत असे त्या काळचे ते वाक्य. आता गोणीवर काय छापले आहे ते वाचून दिवस मोजावे लागतील. हे काम पुढे अधिकच महत्त्वाचे होणार आहे. २०२३ साली भारतीय मानक ब्यूरोने भाजलेली चिकणमाती व चुनखडक मिसळलेल्या सिमेंटचे नवे मानक प्रसिद्ध केले. भाजलेली चिकणमाती म्हणजे मूळच्या अर्थाने सुरखीच; फक्त माती निवडून घेतलेली आणि तापमान राखलेले. घाणीचा बैल गेला, सुरखी परत आली.

पाणी कावेरीचेच पाहिजे असा आग्रह रसायनशास्त्र धरीत नाही. शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळणारे पाणी तपासून घेता येते. सळ्या असलेल्या काँक्रीटसाठी मानकाने पाण्यात क्लोराइडाची मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम व सल्फेटाची ४०० मिलिग्रॅम ठरवली आहे. पाणी आम्लधर्मी नसावे, म्हणजे त्याचा सामू ६ च्या खाली नसावा, असेही म्हटले आहे. पाणी वाचवण्याचा मार्गही खर्चिक नाही. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी उघडे साठवले तर निम्मे उन्हाने उडते. खांबांना ओले गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला, तर तेच पाणी कित्येक दिवस जागच्या जागी राहते. सकाळी कागद किंचित उचलून गोणपाट हाताला ओले लागते की नाही एवढे पाहावे, आणि कोरडे लागल्यास पुन्हा भिजवून कागद बांधावा. कागद केव्हा सोडायचा ते चौदा दिवसांच्या हिशेबाने त्याच्यावरच खडूने तारीख लिहून ठेवले तर मुकादम बदलला तरी चूक होत नाही.